सासूबाईंवर टाकलेला प्रकाश

प्रकाशयोजनेत माझा हात धरणारा उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यात कोणी नाही! हळदीच्या स्टेजवर मी असा फोकस मारतो की नवरदेवाचं टक्कलही देखणं दिसतं. त्यामुळे बदलापूर गावातल्या रामभाऊंनी जुन्या भातगिरणीत लोकसंग्रहालय काढलं, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "लाइट माझ्यावर सोडा!"

"सोडतो सुयोगराव," रामभाऊ म्हणाले, "पण सुंदराबाईंना सांभाळा. त्यांच्या सासूचं लुगडं आणि जातं हीच आपली शान. त्या बिथरल्या आणि वस्तू परत घेऊन गेल्या, तर मागोमाग अख्खं गाव आपापली पावसाळी इरली, धान्याच्या कणग्या उचलेल. मग मी काय भिंती दाखवू?"

मी उल्हासनगरच्या बाजारात गेलो. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, सेन्सर ले जाओ! आदमी हिलेगा तो लाइट जलेगी, नहीं तो बंद!" घेतले. हालचाल थांबल्यावर दिवा विझायची वेळ ट्रायलसाठी अगदी कमी ठेवली आणि नंतर वाढवायची राहिली. साडीच्या दुकानातला जुना पुतळा आणून त्याला लुगडं नेसवलं, हातात बांगड्या भरल्या, जात्याशी उभा केला आणि पायाशी सेन्सरवाला फोकस लावला. सावली पार छतापर्यंत गेली. मीच दोन पावलं मागे सरलो, पण कलेपुढे इलाज नव्हता.

उद्घाटन दिवेलागणीला होतं. परिणाम साधावा म्हणून मी दार लावून घेतलं. मंडळी आत सरकली, फोकस झळकला आणि सगळ्यांनी सवयीने हात जोडले. तिन्हीसांजेला दिवा लागला की हात जोडून डोळे मिटायचे! सगळे स्तब्ध. दिवा बंद!

"अरे, लाइट गेली!" गडबड उडाली. गडबड उडाली म्हणून दिवा लागला. लागला म्हणून हात जोडले. पुन्हा अंधार! आणि दर वेळी भिंतीवर सासूबाई उगवत होत्या, मावळत होत्या.

"म्हातारी आलीय!" कोणीतरी किंचाळलं.

"हात जोडू नका!" मी ओरडलो.

"दिवा लागल्यावर हात जोडू नको?" अंधारातून सुंदराबाई कडाडल्या. "कुठल्या घरचा रं तू?"

मी भिंतीच्या कडेने, सेन्सरच्या मागून दाराकडे सरकलो. दाराची कडी चाचपडताना एक हात सापडला. जरा धीर आला, म्हणून तो घट्ट धरला. गार होता. ओढला, तर माझ्याबरोबर आला! दिवा लागला. माझ्या हातात सासूबाईंचा बांगड्यांसकट हात! सगळे भीतीने थिजले. थिजले, म्हणून पुन्हा काळोख.

संपलं! आता लुगडं जाणार, जातं जाणार आणि त्या जात्यात बहुधा मीही जाणार.

सुंदराबाई पुढे सरकल्या. दिवा लागला. हात जोडून त्या सासूच्या सावलीला म्हणाल्या, "आत्याबाई, चुकलं असेल तर पदरात घ्या!" दिवा गेला. त्या हलल्या, दिवा लागला, त्यांनी पुन्हा हात जोडले. पुन्हा गेला. मग अंधारात त्यांचं खुदकन हसू ऐकू आलं.

"रामभाऊ, लुगडं इथंच राहू द्या. हयातभर हात जोडले, म्हातारी एकदा गप बसली नाही. आता बघा, लगेच ऐकते!"

तो सेन्सर त्यांनी काढू दिला नाही. गावातल्या सुना मुद्दाम येऊन हात जोडून जातात. बाकी सगळीकडे रामभाऊंनी साधे बल्ब लावून घेतले, तेही दुसऱ्याकडून. माझ्या घरी सेन्सर नाही. तरी तिन्हीसांजेला दिवा लागला की मी एकाच हाताने नमस्कार करतो. दुसरा हलवत ठेवतो.