बोरकुटेजींची हजेरी

बोरकुटेजींनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर, वरच्या कोपऱ्यात, एक पट्टी चिकटवली आहे. जखमेवर लावतात तीच. 'नवी आवृत्ती आली, अपडेट करा' अशी लाल सूचना तिथे उगवते. ती डोळ्यांना दिसू नये, एवढीच त्या पट्टीची कामगिरी.

हुडकेश्वरला ते माझे शेजारी. जन्मभर वीज केंद्रात फिटर होते. चालत्या मशीनला हात लावणाऱ्याला त्यांनी कधी माफ केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर तोच कायदा स्वतःच्या वेबसाइटला लावला. "चालून राहिली ना, मास्तर? मंग काहून छेडता?"

ही वेबसाइट त्यांच्या जुन्या शिफ्टची. भाच्याने सहा वर्षांपूर्वी करून दिलेली. अकरा म्हातारे आणि बोरकुटेजी, रोज सकाळी दहाच्या आत प्रत्येकाने आपल्या नावापुढे 'हजर' लिहायचं. नाव कोरं राहिलं की बोरकुटेजी स्कूटर काढतात. गजभिये न्हाणीत पडले होते, घरात एकटे. या कोऱ्या रकान्यानेच ते वाचले.

गेल्या महिन्यात एका सकाळी मला हाक आली. पडद्यावर काळं पान, त्यावर कवटी, खाली 'तुमची सुरक्षा शून्य'.

"कोणीतरी डांबर फासून गेला. मी कोणाचं काय बिघडवलं गा?"

"काहीच नाही. तो तुम्हाला ओळखतही नाही. हजेरीच्या जुन्या फॉर्मला भोक पडलं होतं. बनवणाऱ्यांनी ते बुजवायचा माल पाठवला, तीच ती लाल सूचना. ज्यांनी बुजवलं नाही, त्यांची दारं हे लोक ढकलून पाहत फिरतात."

"म्हणजे मशीन आतून सडून राहिली होती?"

"सहा वर्षं."

"मंग सांगाव ना."

"दर दिवाळीला सांगतो, बोरकुटेजी."

मी साफसफाईला बसलो. कवटी काढली, जुनी नावं परत आणली, फॉर्म नवा बसवला. दुपारी मान वर केली तर मागची खुर्ची रिकामी, अंगणात स्कूटर नाही.

ते परतले संध्याकाळी. शहरातल्या महाल वस्तीपासून पार बाहेरच्या मौद्यापर्यंत अकराही घरं करून आले होते. भुवयांवर धूळ.

"अहो, फोन करायचा होता."

"फोनवर सगळेच म्हणते, बरा आहो. पाहा लागते."

"आणि एखाद्या दिवशी तुमचंच नाव कोरं राहिलं तर?"

बोरकुटेजी माठाकडे गेले. पाणी प्याले, पेला पालथा घातला.

"त्याचा तं विचारच नाही केला गा."

आता सकाळचा चहा घेताना मी ते पान उघडतो. बोरकुटेजींची हजेरी सातलाच लागलेली असते. ती दिसली की आंघोळीला जातो. त्यांना हे सांगितलेलं नाही.