मास्तरांची झाकली मूठ

"अहो, जरा हळू बोला. मासे लपले!" मास्तरांच्या बायकोने, बाईंनी, दटावलं.

"मी हळूच बोलतोय!" मास्तर म्हणाले, आणि समोरच्या इमारतीतला कुत्रा भुंकायला लागला.

पस्तीस वर्षं शाळेच्या मैदानावर कवायत घेतलेला आवाज तो. मास्तर निवृत्त झाले, आवाज अजून नोकरीवरच होता. लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि जाताना काचेची टाकी अन् त्यातले तीन मिशाळ कॅटफिश बापाच्या गळ्यात मारून गेली. मासे भारी बुजरे. मास्तरांनी घसा खाकरला की तिघंही तळाच्या मडक्यात. "माझ्या हातून खातात हं," असं लेक जाताना म्हणाली होती. झालं! मास्तरांना ते लागलं. अख्खं मैदान एका शिट्टीवर उभं करणारा माणूस, आणि हे बोटभर मासे त्याला भीक घालत नाहीत?

शेवटी लेकीनेच फोनवर युक्ती सांगितली. "रोज संध्याकाळी सातला तळहातावर दाणे घेऊन हात पाण्यात बुडवायचा. अर्धा तास हलायचं नाही. आणि बाबा, बोलायचं नाही. एक अक्षर नाही. आईचं चालेल, तिच्या आवाजाची त्यांना सवय आहे."

"अर्धा तास?" मास्तर गरजले. मडकं हललं.

पहिल्या संध्याकाळी घरात इतकी शांतता झाली की बाईंना घड्याळाची टिकटिक ऐकू आली. दुसऱ्या दिवशी त्या मास्तरांच्या मागे खुर्ची टाकून वाटाणे सोलायला बसल्या आणि सहज बोलू लागल्या. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, पण त्यांचं एक वाक्य कधी क्रियापदापर्यंत पोचलं नव्हतं. मास्तर मध्येच घुसायचे. आता वाक्यंच्या वाक्यं पुरी होऊ लागली. शिवणक्लासातलं भांडण, मावशीचं ऑपरेशन, लहानपणी झाडावरून पडल्याची गोष्ट. मास्तर आपले पाण्यात हात घालून गप्प.

आठवड्यात बाईंना या अर्ध्या तासाची चटक लागली आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. मासे एकदा का हातावर आले की शिकवणी संपली. पुन्हा आपलं "अगं, ते राहू दे, माझं ऐक!" छे! दुसऱ्या दिवशी मास्तर फिरायला गेल्यावर साडेसहाला बाईंनी टाकीत चिमूटभर दाणे टाकले. भरल्या पोटाचा मासा कशाला कुणाच्या हाताकडे फिरकेल? मन खात होतं, पण त्यांनी नेम सोडला नाही.

महिना झाला. "खाल्लं का हो?" बाई रोज मागून विचारायच्या. मास्तर मान हलवायचे, नाही. हल्ली मात्र त्यांना बाईंच्या गोष्टींत भारी गंमत वाटू लागली होती. नको तिथे खुदकन हसायचे.

"अहो, हसताय काय? मावशीचं पोट फाडलं होतं!"

मग लेक रजेवर आली. सात वाजता ती सरळ टाकीपुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, मूठ का मिटली आहे तुम्ही?"

तीन मासे त्या मुठीला नुसते झोंबत होते, बोटांच्या फटींत मिशा खुपसत होते. मास्तर पुन्हा खुदकन हसले.

"उघडा."

मूठ उघडली. तिघंही तळहातावर चढले आणि दाणे फस्त.

"अगंबाई! हे कधीपासून?" बाई उठून उभ्या राहिल्या.

"नवव्या दिवसापासून," मास्तर चक्क हळू आवाजात म्हणाले. "तू कुकर बंद करायला आत गेली होतीस. रोज तू उठलीस की मूठ सोडतो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर शिकवणी संपली असती. मग त्या शिवणक्लासातल्या भांडणाचं पुढे काय झालं, ते मला कसं कळणार?"

बाईंचे डोळे भरून आले. आता त्यांनाही राहवेना. "मीही रोज साडेसहाला दाणे टाकत होते. तुमच्या हातचं खाऊ नये म्हणून."

"म्हणून एवढे फुगलेत बिचारे!" लेकीने कपाळावर हात मारला. "दोन दिवस कडक उपास. टाकीत दाणा नाही आणि हातही नाही."

दुसऱ्या दिवशी सात वाजता मास्तर स्वयंपाकघरातून मोठं पातेलं घेऊन आले. त्यात पाणी ओतलं, मनगटापर्यंत हात बुडवला आणि गप्प बसले.

बाईंनी खुर्ची ओढली. पण या वेळी मागे नाही, समोर.

"हं, तर काय सांगत होते मी?"