मोघ्यांचं निवांत क्योटो

आमच्या शेजारचे मोघे चहासुद्धा उभ्यानेच पितात. एका हातात कप, दुसऱ्या हातात गाडीच्या किल्ल्या, आणि तोंडात "आपल्याला काही घाई नाही."

इथे आयर्लंडमध्ये, गॉलवेतल्या वैद्यकीय उपकरणांच्या एका कारखान्यात ते क्वालिटी बघतात. सुट्टीवर गेले तरी तपासणीला आल्यासारखेच वावरतात. रोमला त्यांनी बायको-मुलीला अंधारात उठवलं आणि संध्याकाळपर्यंत अख्खं शहर उरकून टाकलं. तेव्हा सुनीतावहिनींनी बजावलं, "पुढची ट्रिप निवांत. एकच शहर, आणि गजर लावायचा नाही."

मोघ्यांनी क्योटो ठरवलं, २०२०च्या वसंतातलं. "तिथे नुसतं बागेत बसायचं," हे ते मला सांगत होते ते आमच्या हॉलमध्ये येरझारा घालत.

पुढे करोना आला आणि विमानं रद्द झाली. वहिनी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, त्यांच्या ड्यूट्या वाढत गेल्या. मोघे घरून काम करू लागले आणि घराची शांतता संपली. त्यांनी किचनची कपाटं रिकामी करून पुन्हा लावली. मग पुन्हा रिकामी केली. चौदा वर्षांची इरा अभ्यासातून मान वर न करता म्हणायची, "डॅड, यू आर ग्रँड, जस्ट सिट."

एका सकाळी त्यांनी मागच्या अंगणातलं गवतच काढलं. म्हणाले, "जाता येत नाही ना? मग क्योटो इथे आणू." पांढरी खडी पसरली, मधोमध तीन दगड मांडले, आणि दाताळ्याने खडीत लाटा काढायला घेतल्या. जपानी लोक म्हणे अशा बागेकडे बघत तासन्‌तास बसतात. मोघे एक मीटिंग संपली की लाटा काढायचे, दुसरी संपेपर्यंत गॉलवेचा पाऊस त्या मोडून टाकायचा. कधी पाऊस नसला तर मांजर यायचं. पलीकडच्या आयरिश आजींनी तर मला काळजीने विचारलं, "युअर मॅनचं काही हरवलंय का गं?" इथल्या बोलीत 'युअर मॅन' म्हणजे 'तो गृहस्थ'; माझा नवरा नव्हे, मोघे.

मला हसू आवरलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात केसेस फार वाढल्या. एका दुपारी थालीपीठं द्यायला मी कुंपणाशी गेले. वहिनी ड्यूटीवरून येऊन, अंगात कोट तसाच ठेवून, बाकावर बसल्या बसल्या झोपल्या होत्या. शेजारी मोघे. चक्क बसलेले. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बाग आवडली वाटतं वहिनींना," मी हळूच म्हटलं.

"बघितलीच नाही. बसली आणि झोपली." वहिनींचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं होतं, म्हणून मोघे मान न वळवता बोलत होते. "बरं झालं. मी तरी कुठे बागेसाठी बाग केली? ती वॉर्डात असते ना, तेव्हा मला एका जागी बसवत नाही हो. हात चालू असले की डोक्यात नको ते येत नाही. फोन वाजला तरी धस्स होतं."

भुरभुर सुरू झाली. त्यांनी मोकळ्या हाताने स्वतःचं जॅकेट काढायचा प्रयत्न केला. एकच बाही निघाली, तेवढा भाग त्यांनी वहिनींच्या डोक्यावर धरला.

"क्योटोला," ते म्हणाले, "आठवडाभर ही डोळ्यांसमोर असती."