घोड्याची घोंगडी

वेस्ट टिबिट्स बिअर परीक्षक मंडळाची जुलै महिन्याची सर्वसाधारण सभा गावच्या वाचनालयाच्या तळघरात रीतसर भरली. अध्यक्षस्थानी ऑरिन टटल होते. विषय एकच होता: नेल टटल हिने बनवलेल्या, बेल्जियन शेतघरच्या बिअरच्या अमेरिकन अवताराची चव घेणे, आणि ती शैलीला धरून आहे किंवा कसे याचा निर्णय देणे. नेल ही अध्यक्षांची सख्खी मुलगी. त्यामुळे आपण पूर्णपणे निःपक्षपाती असल्याचे अध्यक्षांनी सुरुवातीलाच जाहीर केले, आणि थेल्मा गेज यांनी त्याला अनुमोदन दिले. थेल्माबाई कशालाही अनुमोदन देत. दोन नवरेही त्यांनी असेच अनुमोदन देऊन केले होते.

आमच्या व्हरमाँटच्या या भागात पूर्वी शेते होती, आता शेतघरे आहेत. गोठ्यात जिथे गाई उभ्या राहत तिथे आता चकचकीत टाक्या उभ्या आहेत, आणि बोस्टनमधल्या टेबलखुर्चीला कंटाळलेली मंडळी त्यांत बेल्जियमच्या गड्यांची बिअर बनवतात. कापणीच्या उन्हात गडी चक्कर येऊन पडू नये म्हणून तिथला शेतकरी ती बनवून ठेवायचा. गडी ती घटाघटा प्यायचा आणि पुन्हा विळा उचलायचा. ती शैलीला धरून आहे का, असे त्याला कोणी विचारल्याची नोंद नाही. ही उणीव आमच्या मंडळाने भरून काढली. मंडळाची मान्यता असल्याशिवाय ऑगस्टच्या जत्रेत बिअरचा नळ लावू देत नाहीत, आणि जत्रेत नळ न लागलेला बिअरवाला आमच्याकडचा हिवाळा काढू शकत नाही. गेल्या साली असाच एकाचा धंदा बसला. तो आता त्याच टाक्यांत मेण वितळवून सुवासिक मेणबत्त्या करतो. नेलने बोस्टनच्या विमा कंपनीतली नोकरी सोडून ही बिअर मांडली होती. मान्यता मिळाली नाही तर हिवाळ्याच्या आत परत त्याच टेबलाशी जाऊन बसावे लागेल, हे तिने वडिलांना नाश्त्यालाच सांगून टाकले होते.

मंडळात 'छान' या शब्दाला बंदी होती. ठराव खुद्द ऑरिननेच मांडला होता. 'छान' ही चव नसून मत आहे आणि मत कोणालाही असू शकते, असे त्याचे म्हणणे होते. 'मस्त' आणि 'बरी' या शब्दांनाही त्याच ठरावाने घरी पाठवले होते.

तर ऑरिनने पेला उचलला. देवाने त्याला नाक सढळ हाताने दिले होते. ते त्याने काठापर्यंत आत घातले, डोळे मिटले, आणि तळघर श्वास रोखून बसले.

"घोड्याची घोंगडी," ऑरिन म्हणाला.

शेतघरच्या बिअरला याहून मोठी दाद नाही. ती का मोठी, हे ज्यांना कळते त्यांना सांगावे लागत नाही आणि ज्यांना कळत नाही त्यांनी मान डोलवायची असते. सगळ्यांनी डोलवली. खरे म्हणजे ऑरिनची अध्यक्षपदाची खुर्ची या दोन शब्दांवरच उभी होती. जन्मभर त्याने नगरपालिकेत लोकांच्या घरांची किंमत ठरवून त्यावर कर बसवला. निवृत्त झाल्यावर बिअरच्या पेल्यात नाक घालून 'घोड्याची घोंगडी' असे डोळे मिटून म्हणणारा गावातला तो पहिला माणूस ठरला. डोळे उघडले तेव्हा तो अध्यक्ष झालेला होता.

"कोणता घोडा?"

हा प्रश्न हॉलिस बीचमने विचारला. बीचम दातांचे डॉक्टर, गावात नवे, मंडळात त्याहून नवे.

"म्हणजे?" ऑरिन म्हणाला.

"म्हणजे घोडा कोणता, घोंगडी कोणती, धुतलेली की बिनधुतलेली? मी आपलं शिकायला म्हणून विचारतोय, ऑरिनसाहेब. लवंग म्हटलं की आपण त्या फळीवरच्या नमुन्याच्या बरणीतली लवंग हुंगतो. संत्र्याची साल म्हटलं की साल हुंगतो. घोंगडीची बरणी कुठाय?"

डॉक्टरांचे चुकत नव्हते. ज्या वासाचा नमुना फळीवर नाही तो वास ग्राह्य धरू नये, असा नियमच होता, आणि तोही ऑरिनच्याच हातचा.

"घोंगडी बरणीत मावत नाही," ऑरिन म्हणाला.

"तुकडा मावेल की," थेल्माबाई म्हणाल्या. अनुमोदनाखेरीज काही बोलण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि तीही नेमकी आजच आली.

नमुन्याअभावी प्रकरण स्थगित झाले. घोंगडं भिजत पडलं म्हणावे, तर भिजवायलाही घोंगडं नव्हते.

नेल जिन्याच्या पायरीवर बसून हे सगळे ऐकत होती. घरी जाताना गाडीत तिने विचारले, "बाबा, तुम्हाला आवडली का?"

"प्रश्न आवडण्याचा नाही."

"माझा तोच आहे."

"नेल, मंडळाचे काही निकष असतात—"

"मंडळ गेलं खड्ड्यात. तुम्ही पेला चाटूनपुसून संपवलात. मी बघितलं."

"परीक्षकाने नमुना संपवायचा असतो."

"आणि घोड्याची घोंगडी? ती तुम्ही जन्मात कधी हुंगलीय?"

ऑरिनने समोरच्या रस्त्याकडे फार लक्ष देऊन पाहिले. "हुंगणं हा शब्द फार मोघम आहे," तो म्हणाला.

ती बिअर त्याला मनापासून आवडली होती. इतकी आवडली होती की पोरीचा हात हातात घेऊन सांगावेसे वाटले. पण ज्या शब्दात सांगायचे त्या शब्दाला त्यानेच बंदी घातली होती, आणि दुसरा शब्द त्याला येत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मंडळ घोंगडीच्या शोधाला लागले. तेव्हा असे लक्षात आले की वेस्ट टिबिट्समध्ये शेतघरची बिअर बनवणारी शेतघरे गल्लोगल्ली आहेत, पण घोडा एकही नाही. एका तबेल्यात योगवर्ग चालत होता. दुसऱ्यात लग्ने लागत होती. शेवटी शेजारच्या गावात लुसिंडा क्रेन यांच्या रपेट शिकवण्याच्या शाळेत एक घोडा सापडला. त्याचे नाव बिस्किट. लुसिंडाबाईंनी त्याची घोंगडी आनंदाने दिली. ती पॉलिएस्टरची होती, आणि दर आठवड्याला लॅव्हेंडरच्या साबणाने धुतली जात असे.

मंडळाने ती तळघरात एका नाकाकडून दुसऱ्या नाकाकडे फिरवली आणि एकमताने लॅव्हेंडर असा अभिप्राय नोंदवला. मग पुन्हा नेलची बिअर हुंगली. तिला लॅव्हेंडरचा वास येत नव्हता.

"म्हणजे बिअर शैलीला सोडून आहे," बीचम हळहळत म्हणाले. ते मनापासून हळहळत होते. दात काढतानाही ते असेच हळहळतात.

"हे घोंगडं खरं नव्हे!" ऑरिन ओरडला.

"मग खरं कसं असतं? तुम्ही हुंगलंय, तुम्हीच सांगा ना."

जिन्यावरून नेल वडिलांकडे पाहत होती. दोनच वाक्यांचे काम होते. 'मी कधी हुंगलेलं नाही' हे एक, आणि 'पण पोरीची बिअर छान आहे' हे दुसरे. ऑरिनने तोंड उघडले.

"बेल्जियमचं वेगळं असतं," तो म्हणाला. तो माँट्रिऑलच्या पलीकडे कधी गेलेला नव्हता.

मग खऱ्या घोंगडीची व्याख्या करणे भाग पडले. ती ऑरिननेच सांगितली, कारण इतर कोणालाच ती माहीत नव्हती. घोंगडी जाड लोकरीची असावी. ती वयस्क, वजनदार व कष्टाळू प्राण्याच्या अंगावर, ऐन उन्हात, प्राण्याला घाम फुटेपर्यंत असावी. 'घोडा' शब्द त्याने मुद्दाम टाळला, दोनदा तोच तो शब्द आला की भाषा बोजड होते म्हणून. लोकरीची घोंगडी थेल्माबाईंनी माळ्यावरून काढून दिली. ती त्यांच्या पहिल्या नवऱ्याची होती.

एवढे जमल्यावर घोडं पेंड खाऊ लागलं, आणि हे शब्दशः घेतले तरी चालेल. बिस्किटने लोकर पाहिली, पाठ फिरवली आणि घमेल्यात तोंड घातले.

"तो काम करत नाही हो," लुसिंडाबाई म्हणाल्या. "त्याच्या पाठीवर फक्त पोरांचे वाढदिवस होतात. आणि घाम तर त्याला डॉक्टरांनी मनाच केलाय."

जत्रा तोंडावर आली होती. तातडीच्या सभेत सगळे खाली माना घालून बसले. बीचमनी घसा साफ केला. "मी आपलं व्याख्या पुन्हा वाचली. तिच्यात घोडा कुठंच नाहीये. 'वयस्क, वजनदार, कष्टाळू प्राणी' एवढंच आहे."

सगळ्यांच्या नजरा आधी छताकडे गेल्या, मग भिंतीकडे, आणि मग हळूहळू, अगदी आदरपूर्वक, अध्यक्षांवर येऊन थांबल्या.

"अनुमोदन," थेल्माबाई म्हणाल्या.

ऑरिनपुढे अजूनही ती दोन वाक्ये होती. पण ती बोलली तर खुर्ची जाणार, आणि घोंगडी पांघरली तर फक्त अब्रू जाणार. जन्मभर लोकांच्या मालमत्तेची किंमत ठरवलेला माणूस तो. आपल्या अब्रूची किंमत त्याने जागच्या जागी ठरवली. ती फारशी भरली नाही.

शनिवारी भर दुपारी, गावच्या मधल्या हिरवळीभोवती, थेल्माबाईंच्या पहिल्या नवऱ्याची घोंगडी पांघरून अध्यक्ष ऑरिन टटल यांनी बिअरच्या पिंपांचा हातगाडा ओढला. गावाने घरून खुर्च्या आणल्या होत्या. चर्चच्या बायकांनी तळलेल्या गोड पुऱ्यांचा ठेला लावला होता. कोणीतरी अगदी मनापासून ऑरिनपुढे गाजर धरले.

"बाबा, सोडा ना हो," नेल गाड्याबरोबर चालत म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. "नको मला नळ. मी जाते परत बोस्टनला."

"गप. मंडळाचं काम चाललंय."

"निदान पाणी तरी प्या."

"घाम पातळ होईल," बीचम सावलीतून म्हणाले. "असं मला आपलं वाटतं."

संध्याकाळी घोंगडीचा एक तुकडा कापून बरणीत बंद झाला. मंडळाने बरणी हुंगली, नाके पुसली, आणि मग बिअर हुंगली. जुळत नाही असे म्हणणाऱ्याला पुढचा प्राणी व्हावे लागेल, हे सर्वांच्या एकदमच ध्यानात आले होते.

"जुळतंय," बीचम म्हणाले. "तंतोतंत."

बिअर एकमताने मान्य झाली. बरणीवर 'घोडा' असे लिहिणे वस्तुस्थितीला धरून झाले नसते, म्हणून 'ऑरिन' असे लिहिले. मंडळाचा अधिकृत अभिप्राय नेलच्या नळाच्या वर पाटीवर लागला: "सुरुवातीला सौम्य ऑरिन, शेवटाकडे वाढता ऑरिन."

जत्रेत नेलच्या नळासमोरची रांग भोपळ्यांच्या स्पर्धेपर्यंत गेली. बोस्टनहून माणसे गाड्या भरभरून आली. ती पेल्यात नाक घालत, डोळे मिटत आणि एकमेकांना सांगत, "ऑरिन बघ, कसा हळूच मागून येतो." नेलचा हिवाळा निघणार होता. रांगेच्या शेवटी उभे राहून स्वतः ऑरिननेही एक पेला घेतला. आणि मन लावून प्यायला.

शेजारी तागाचा सदरा घातलेले एक गृहस्थ उभे होते. "येतोय का तुम्हाला ऑरिन?" त्यांनी विचारले.

"अहो, मीच—"

"नाही येणार. सगळ्यांना नाही येत." गृहस्थांनी त्याच्याकडे जरा करुणेने पाहिले. "आणि खरं सांगू? हा तितकासा अस्सल नाहीये. अस्सल ऑरिन मी हुंगलाय. बेल्जियमला."

ऑरिनने त्यांच्याकडे पाहिले. मग त्याची मान, वर्षानुवर्षांच्या सवयीने, आपोआप डोलू लागली. "हो," तो म्हणाला, "तिथला वेगळाच असतो."

नेलने नळ बंद केला. "बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "आता नळ लागला, सगळं झालं. आता तरी सांगा. आवडली?"

पेला रिकामा होता. डोळे भरून आले होते. पलीकडच्या नळावर बीचम पाठमोरे उभे होते, आणि थेल्माबाई खुर्चीत बसून कशालातरी मान हलवत होत्या. ऑरिनने एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे.

"प्रश्न आवडण्याचा नाही," तो म्हणाला.

नेलने फडक्याने नळ पुसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

आता वाचक हसतील आणि म्हणतील की इतके खुळे कोणी असते का. बरोबर आहे. मात्र नेलची ती बिअर चवीला कशी होती, हे या गोष्टीत आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत एका शब्दानेही सांगितलेले नाही. तुम्हीही विचारले नाही. मान तेवढी डोलवत होतात.