नोंद क्रमांक सत्तेचाळीस

लार्कबेंड गावात माझ्याइतकी पक्की मतं दुसऱ्या कुणाचीच नाहीत! ही बढाई नाही. गावाचं साप्ताहिक उघडून बघा. दर गुरुवारी, तिसऱ्या पानावर, वाचकांच्या पत्रांत सगळ्यात वर: लॉर्न पेट्रिशिन. तीस वर्षं मी धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर बसलो. निवृत्त झालो, आणि लोकांचा गहू तोलायचा सोडून नगर परिषदेला तोलायला लागलो. बर्फ काढायच्या गाडीची वेळ, कचऱ्याचा वार, वाचनालयाच्या पायऱ्या, सगळ्यावर माझं मत तयार! सकाळी दहा वाजता कॅफेतल्या कोपऱ्याच्या टेबलावर आम्ही पाच-सहा म्हातारे ते मत घासूनपुसून घेतो, मग घरी येऊन मी वडिलांच्या टाइपरायटरवर दोन बोटांनी ते बडवून काढतो.

माझी बायको ओर्सिया स्वतः नगर परिषदेची सदस्य आहे. माझी पत्रं ती वाचत नाही. टाइपरायटरचा आवाज ऐकते तेवढं पुरे, म्हणते.

गेल्या वर्षी मी एक मोठीच लढाई जिंकली. आमचं संग्रहालय जुन्या रेल्वे स्टेशनात आहे आणि ते विनीबाई सांभाळतात. तिसरीत त्यांनी मला शिकवलं, आणि त्यांच्या लेखी मी अजून तिसरीतच आहे. तर या विनीबाईंनी संग्रहालयातल्या बत्तीस कपडे घासायच्या फळ्यांपैकी पाच फळ्या शेजारच्या गावाला देऊन टाकल्या! मी पेटलोच. "आमचा वारसा मागल्या दाराने चालला!" असं पत्र टाकलं. मग दुसरं टाकलं. अशी अकरा पत्रं! कॅफेतल्या आमच्या टेबलावरच्या एल्मरने तर माझं एक वाक्य लिहून अंगणात पाटी ठोकली. शेवटी परिषदेने कंटाळून नियम केला: दारात आलेली वस्तू त्याच दिवशी रजिस्टरात नोंदवायची, आणि एकदा नोंदली की परिषदेच्या खुल्या मतदानाशिवाय ती हलवायची नाही. एल्मरने मला त्या दिवशी कॉफी पाजली.

आता मूळ गोष्ट.

ऑक्टोबरात आमच्या चर्चच्या तळघरात गावजेवण असतं. टर्की असते, बटाटे असतात, पण लोक ताट घेऊन रांग लावतात ती ओर्सियाच्या भात भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्यांसाठी. बेचाळीस वर्षं तिने त्या एकाच भांड्यात केल्या. तिच्या आजीचं, ॲना आजीचं, निळं एनॅमलचं मोठं भांडं. आजीने ते जहाजातून मांडीवर घेऊन आणलं होतं, असं ओर्सिया सांगते. त्या भांड्याला मी कधी हातसुद्धा लावलेला नव्हता. लावू देतच नसे.

पण यंदा तिचा गुडघा दुखत होता. सोमवारी सकाळी तिने गाडीत दोन खोकी ठेवायला लावली.

"हे चर्चमध्ये द्यायचं. यात आजीचं भांडं आहे. आणि ते दुसरं संग्रहालयात. त्यात बाबांच्या गोठ्यातली लोखंडी कढई आहे. ही चिठ्ठी तिच्यावर चिकटव. लॉर्न, ऐकतोयस ना?"

"अगं, तीस वर्षं मालाच्या पावत्या केल्यात मी!"

"म्हणूनच विचारतेय."

दहाला पाच मिनिटं कमी होती आणि टेबलावर नव्या पाणीपट्टीचा विषय निघणार होता. मी एक खोकं चर्चच्या दारात ठेवलं, एक संग्रहालयाच्या मागल्या दारात ठेवलं, चिठ्ठी व्यवस्थित चिकटवली, आणि दहाच्या ठोक्याला माझ्या खुर्चीवर हजर झालो. पाणीपट्टीचा मी पार धुव्वा उडवला!

गुरुवारी न्याहारीला ओर्सियाने पेपर उघडला. तिसरं पान नव्हे, पहिलं. आणि तिचा टोस्ट हातातल्या हातातच राहिला.

"लॉर्न."

पहिल्या पानावर आजीचं निळं भांडं होतं! चांगला अर्ध्या पानाचा फोटो, शेजारी पांढरे हातमोजे घातलेल्या विनीबाई. खाली मजकूर: "संग्रहालयात नवी भर. डुकरांचं खाणं शिजवायचं भांडं. पेट्रिशिन कुटुंबाकडून सप्रेम भेट. नोंद क्रमांक सत्तेचाळीस."

"चिठ्ठीत हेच होतं का?" मी हळूच विचारलं.

"कढईच्या चिठ्ठीत हेच होतं," ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. चर्चच्या स्वयंपाकघरातून. "ओर्सिया, आम्ही दोन दिवस घासतोय, पण यंदा तू पाठवलेल्या कढईचा वास काही जात नाही गं!" तो ठेवते न ठेवते तोच दुसरा. मग तिसरा. बेचाळीस वर्षं ज्यांनी तिच्या गुंडाळ्या बोटं चाटत खाल्ल्या होत्या, त्या अख्ख्या गावाने ते भांडं फोटोत बरोबर ओळखलं होतं. कुणी काही वाईट बोललं नाही. आमच्याकडे वाईट कुणी बोलत नाही. "बरी आहेस ना?" एवढंच सगळे विचारत होते!

मी तडक संग्रहालय गाठलं.

"बाई, चूक झाली. खोकी बदलली. भांडं द्या, कढई आणून देतो."

विनीबाईंनी भांडं उलटं करून दाखवलं. बुडाला बारीक काळ्या शाईत सत्तेचाळीस, वर लाखेचा थर.

"त्याच दिवशी नोंद केली, लॉर्न. नियम आहे."

"पण हे माझ्या बायकोचं आहे!"

"होतं. आता परिषदेला विचार. पूर्वी मी एका मिनिटात दिलं असतं." त्यांनी हातमोजे काढले. "पण पूर्वी मी फळ्यापण दिल्या होत्या."

जेवण पुढच्या आठवड्यात रविवारी आणि त्याआधी मंगळवारी परिषदेची बैठक. नशीब म्हणायचं! मी बोलणाऱ्यांच्या यादीत नाव घातलं. गावातल्या माणसाला तीन मिनिटं मिळतात, आणि तीन मिनिटांत मी भलेभले ठराव आडवे केलेले आहेत. शिवाय कॅफेचं टेबल माझ्या पाठीशी होतं. निदान गुरुवारपर्यंत तरी होतं. शुक्रवारी एल्मर म्हणाला, "लॉर्न, भांड्याचं वाईट वाटतं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व! आज भांडं, उद्या फळ्या." आणि गेल्या वर्षीची पाटी त्याने पुन्हा अंगणात ठोकली. वर माझंच वाक्य होतं.

मंगळवारी सभागृह गच्च भरलं. एरवी तिथं मी, पेपरचा बातमीदार आणि झोपायला आलेला एखादा असतो. नगराध्यक्ष ग्लेनिस मधोमध, दोन्हीकडे दोन-दोन सदस्य. विषय पुकारताच ओर्सिया उठली.

"माझं भांडं आहे. मला यावर मत देता येत नाही," ती म्हणाली, आणि कोट घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. घरचा विषय निघाला की सदस्याने बाहेर जायचं, असा कायदाच आहे. हा नियम मात्र माझा नव्हे, हे नोंदवून ठेवतो.

मी उभा राहिलो. "नगराध्यक्ष, नियम माणसांसाठी असतात..."

"एक मिनिट!" मागून एल्मर. त्याच्या हातात पेपरचं कात्रण होतं. "'आज एका घरासाठी नियम वाकवाल, तर उद्या सगळं स्टेशन रिकामं होईल!' हे कुणी लिहिलंय?"

"मी," मी म्हणालो.

"'अश्रूंनी विरघळणारी परिषद आम्हाला नको!' हे?"

"तेही मीच. पण ते फळ्यांबद्दल होतं!"

"श्री. पेट्रिशिन, तुमची वेळ संपली," ग्लेनिस म्हणाल्या.

मतदान झालं. ग्लेनिस धरून चार मतं: दोन बाजूने, दोन विरुद्ध. समसमान झालं की ठराव पडतो. एक मत कमी पडलं, आणि ते मत बाहेर बाकावर कोट घालून बसलं होतं.

मी दार उघडलं. ओर्सियाने वर पाहिलं आणि माझ्या तोंडावरूनच ओळखलं. पर्समधून रुमाल काढला, पुन्हा आत ठेवला, आणि आत जाऊन पुढच्या विषयावर, गटाराच्या झाकणावर, मत दिलं. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की त्यावर मी पत्रसुद्धा लिहिलं नाही.

रविवारी तिने गुंडाळ्या बाजारातल्या पातळ ट्रेमध्ये केल्या. कडेच्या करपल्या, मधल्या पाणचट. लोक म्हणाले, "वेगळं लागतंय हं!" जेवणानंतर विनीबाई आपलं ताट घेऊन ओर्सियाशेजारी येऊन बसल्या. वही काढली. भांडं जहाजात कुठे होतं, पहिल्या हिवाळ्यात आजीने त्यात काय शिजवलं, सगळं विचारून विचारून लिहून घेतलं. आता काचेमागे नवी पाटी आहे: "ॲना आजींचं भांडं. कोबीच्या गुंडाळ्यांसाठी. गावजेवणातून एकदाही भरलेलं परत गेलं नाही." पाटी बदलायला मतदान लागत नाही. ओर्सिया दर बुधवारी तिथं जाऊन बसते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आजीची गोष्ट सांगते. कपाटात होतं तेव्हा कुणी विचारत नव्हतं, म्हणते. मला वाटलं, चला, मिटलं!

हे सगळं मी पेन्सिलीने लिहितोय.

कारण गेल्या बुधवारी कॅफेतून घरी आलो, तर माझ्या टेबलावर धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता. मी धावत स्टेशन गाठलं. टाइपरायटर काचेमागे पोचला होता, बुडाला शाई वाळलेली: अठ्ठेचाळीस. पाटीवर अक्षर ओर्सियाचं होतं, कारण या वेळी चिठ्ठी चिकटवायला ती स्वतः गेली होती.

"उपयोग: विशेष नाही."