बॅगेत जागा न घेणाऱ्या भेटी

धाकटीने बॅग उलटी करून पुन्हा भरायला घेतली, तेवढ्यात आई आणखी एक शाल घेऊन आली.

"आई, नको."

"विमानात गारठा असतो."

"वर्षभर पाठीवर घेऊन फिरायची आहे ही बॅग. यात आता रुमालसुद्धा जाणार नाही."

नोकरी सोडून, तिकिटात सगळी शिल्लक घालून धाकटी एकटीच जग बघायला निघाली होती. तिकीट बदलून मिळणारं नव्हतं. घरात तिने बजावून ठेवलं होतं की निरोपाला कुणी काही देऊ नका, आणि द्यायचंच असेल तर महाग नको, बॅगेत जागा घेणारं नको. याचा अर्थ कुणीच काही देणार नाही, असं तिला वाटलं होतं.

आईने शाल ठेवून पासपोर्ट उचलला. त्यातला फोटो काढताना ती फोटोग्राफरच्या शेजारीच उभी होती. पोक काढू नकोस, हनुवटी वर घे, मान सरळ, असं तो बटण दाबेपर्यंत सांगत होती. फोटोतली धाकटी एक भुवई चढवून, ओठ आवळून, नाकपुड्या फुगवून बघत होती.

"असलं तोंड जगभर दाखवत फिरणार? बदलून घे."

"आई, मी परवा निघतेय. तुला खरंच काही द्यायचंय ना? मग विमानात बसेपर्यंत माझं डोकं खाऊ नकोस. एवढीच भेट दे."

"बरं," आई म्हणाली. एवढंच म्हणाली, यावरून तिला किती लागलं ते कळलं.

बाकीच्यांनी मात्र मनापासून विचार केला. मावशीचं पार्लर होतं. प्रवासात रोज डोकं धुणं, वाळवणं कसं जमायचं, या काळजीने तिने भेटीसाठी निवडले ते धाकटीचे

केस

जे कुरळे होते आणि पाठीवर मावत नव्हते. फक्त टोकं कापायची ठरली होती. डावीकडे जरा जास्त गेले म्हणून मावशीने उजवीकडे सारखं केलं, मग ते फार सारखं झालं म्हणून पुन्हा डावीकडे. ती थांबली, कारण पुढे कापण्यासारखं काही उरलं नाही.

धाकटीने आरशात पाहिलं. आरशात शाळेच्या वयातला तिचा दादा बसला होता.

"मावशी, हे काय केलंस?"

"पंख्याखालीसुद्धा बसावं लागणार नाही बघ."

खरा दादा त्याच्या चष्म्याच्या दुकानात होता. चष्मा म्हटलं की डबी आली, डबी म्हटलं की जागा आली. म्हणून त्याने भेट शोधली ती थेट

डोळ्यांत

बसणारी. तिच्या नंबरच्या लेन्स दुकानात पडूनच होत्या. ज्याने मागवल्या तो न्यायला आला नव्हता. महिनाभर काढाव्या लागत नाहीत अशा, आणि रंगाने हिरव्या.

"दादा, मला हिरवे डोळे नकोयत."

"नंबर बघ. रंग काय बघतेस?"

लेन्स कशा घालायच्या ते त्याने समजावलं. कशा काढायच्या ते समजावणार, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तिचा जुना चष्मा, ओझं नको म्हणून, त्याने खणात टाकला.

काकांचा दातांचा दवाखाना होता. परदेशात दाढ दुखली तर तिकिटाएवढा खर्च येतो, असं त्यांनी फोनवर सांगितलं. दुखत नाहीये, असं धाकटीने सांगितलं. दुखेल, असं काका म्हणाले. "आणि माझी भेट जागा घेत नाही, जागा करते."

दाढ निघाली. "थोडी सूज येईल," काका हात धूत म्हणाले. "तिसऱ्या दिवशी शोधून सापडणार नाही."

विमान दुसऱ्या दिवशी होतं.

आई

या भागात काही घडत नाही. टॅक्सी आली. आईने तोंड उघडलं, धाकटीकडे पाहिलं, तोंड मिटलं.

चेहरा

विमानतळावर खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला. समोर भादरलेलं डोकं, हिरवे डोळे आणि आत चेंडू लपवल्यासारखा एक गाल.

"या फोटोतल्या बाई कुठे आहेत?"

धाकटीने उत्तर दिलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही, कारण तिचा जबडा उघडतच नव्हता. मग तिने मोबाइलवर लिहून दाखवलं: मावशीने केस कापले, भावाने लेन्स दिल्या, काकांनी दाढ काढली, भेट म्हणून.

"भेट म्हणून दाढ काढली?"

तिने मान डोलावली. त्याचा संशय पक्का झाला.

"लेन्स काढा."

एक निघाली. दुसरी काही केल्या निघेना. आता तिचा एक डोळा पासपोर्टातला होता आणि एक दुकानातला. अधिकाऱ्याने पासपोर्ट मिटला आणि साहेब येईपर्यंत बाजूला उभं राहायला सांगितलं. साहेब जेवायला गेले होते. वर कर्ण्यातून तिच्या विमानाची शेवटची हाक आली, आणि हातातला फोन वाजला. आई.

"स्पीकरवर घ्या," अधिकारी म्हणाला. "घरच्यांनाच विचारतो."

"विमानात बसलीस ना?" आईने विचारलं.

धाकटीच्या तोंडून एक हुंकार निघाला. आईने तो होकार धरला. दिलेला शब्द पाळून झाला होता.

"मग आता बोलते. ओला टॉवेल पलंगावर टाकून गेलीस, गादी भिजली. बाथरूमचा दिवा चालूच. शाल मुद्दाम दाराशी ठेवली होती, ती ओलांडून गेलीस. आणि पोक काढून बसू नकोस. आत्तासुद्धा तशीच बसली असशील."

"बाई, एक मिनिट," अधिकारी म्हणाला. आईकडे मिनिट नव्हतं. दोन दिवसांचं साचलं होतं.

धाकटीची एक भुवई चढली. ओठ आवळले. नाकपुड्या फुगल्या.

अधिकारी खुर्चीत सरळ झाला. पासपोर्ट उघडून त्याने तिच्या सुजलेल्या गालाशेजारी धरला, थोडा वेळ पाहिलं आणि शिक्का मारला.

"पुढे दारावर पुन्हा चेहरा तपासतात," पासपोर्ट परत देताना तो हळूच म्हणाला. "तोवर फोन ठेवू नका."

धाकटी पळत सुटली.

"ऐकतेयस ना?" आई विचारत होती. "की नेहमीसारखं या कानातून त्या कानात?"

धाकटीने फोनचा आवाज वाढवला.