एका श्रीफळाची जप्ती

मुलुंडच्या सायकलपटू हर्षद परबने जिंकलेल्या शर्यतीआधी उत्तेजक घेतलं होतं. चाचणीत सापडल्यावर त्याने ते कबूल केलं आणि घोटाळा तिथेच झाला. सायकल शुचिता मंडळाच्या अंधेरी कार्यालयात नाकबुलीचा छापील अर्ज होता, कबुलीचा नव्हता.

"त्यातलंच 'नाही' खोडा," जप्ती कक्षाच्या रेवती मॅडम म्हणाल्या. त्याने खोडलं.

शिक्षा: दोन वर्षं बंदी, बक्षीस जप्त. हर्षद एकतीसचा. तेहतिसाव्या वर्षी पुन्हा शर्यत. पायांत तेवढा दम होता. (औषधाशिवायचा.)

कलम नऊ: बंदी जप्ती पूर्ण झाल्या दिवसापासून मोजावी. तोवरची मनाई तात्पुरती. ती हिशेबात नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याने बक्षिसाची रक्कम, चषक आणि शाल काउंटरवर ठेवली.

"श्रीफळ?"

"मॅडम, नारळ होता तो. खाल्ला."

"यादीत आहे."

त्याने कोपऱ्यावरून नवा आणला. मॅडमनी तो कानाशी हलवून बघितला. "हा तुम्ही विकत घेतलाय. जिंकलेला आणा."

घरी आई, रत्नप्रभाबाई, कपाळावर हात मारून म्हणाल्या, "नारळ काय कपाटात ठेवतत? वडी केलंय, सगळ्या बिल्डिंगीक वाटलंय!"

हे त्याने प्रामाणिकपणे कळवलं. (ही सवय त्याला फार उशिरा लागली.) मंडळाने बिल्डिंगमधल्या इतर एक्केचाळीस घरांना 'अवैध विजयाचे लाभार्थी' घोषित केलं. प्रत्येकाने वडी खाल्ल्याचं लिहून दिलं की श्रीफळ जप्त धरणार. अर्जाचा साचा जुनाच: "मी वडी खाल्लेली नाही." खाल्ली असल्यास 'नाही' खोडावे.

हर्षद आधी सेक्रेटरी बाळकाकांकडे गेला. विजयाच्या फलकावर हर्षदपेक्षा काकांचा फोटो मोठा होता.

"काका, एक शब्द खोडायचाय फक्त."

"वडी? मी? अरे, मला शुगर आहे!"

"चार घेतल्या होत्यात. वर डबा मागितलात."

"हळू बोल रे! उद्या माझी लघवी तपासायला येतील, तू येणारेस का भरायला?"

तिसऱ्या मजल्यावरच्या गंधालीने वडी वाटली त्या दिवशी आपण दहिसरला होतो असं लिहिलं. त्याच दिवशी बिल्डिंगने केलेल्या सत्काराच्या फोटोत ती हर्षदच्या शेजारी होती, गाल फुगलेला.

एक्केचाळीस अर्ज आले. एकातही खाडाखोड नव्हती.

आदेश:
ज्याअर्थी वडी कोणीही खाल्लेली नाही,
ज्याअर्थी नागरिक सज्जन आहेत,
त्याअर्थी वडी झालीच नाही. श्रीफळ अखंड असून खेळाडूने ते दडवले आहे. सापडेपर्यंत बंदी सुरू होणार नाही.

हर्षद आता पस्तीसचा आहे. त्याची दोन वर्षं अजून सुरू व्हायची आहेत.

जिन्याखाली अर्जांच्या गठ्ठ्यात एक कोरा उरलाय. शर्यतीच्या रविवारी रस्त्याच्या कडेला उभं राहून "आपला हर्षद!" असं ओरडलेल्यांनाही तो चालतो. पेन दोरीला बांधलंय. 'नाही' आधीच छापलेलं आहे; तुम्ही फक्त सही करा.